ट्युरिनचं कफन : 'कधीचं' आणि 'कसं', हे दोन प्रश्न वेगळे ठेवूया

रानवाटा

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, येशूचं कफन २००० वर्षं जुनंच!" असा मेसेज २०२४ पासून व्हॉट्सॅपवर फिरतोय, थांबायचं नाव नाही, आणि खाली एआयने बनवलेला येशूचा चेहरा. त्याच्या बरोबर उलटा मेसेजपण येतो, की हे सगळं केव्हाच खोटं ठरलंय, बघण्यासारखं काही नाही त्यात. दोन्हीकडच्या लोकांनी त्या कापडाबद्दल चार ओळीसुद्धा वाचलेल्या नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतकं बारकाईने तपासलं गेलेलं दुसरं कापड जगात क्वचितच असेल. म्हणून हा धागा.

आधी वस्तू काय आहे ते बघू. इटलीतल्या ट्युरिन शहराच्या कॅथीड्रलमध्ये ठेवलेलं लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं लांबलचक कापड, साधारण ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद. त्यावर एका दाढीवाल्या नग्न पुरुषाची पुढून आणि मागून अशी दोन चित्रं आहेत, डोक्याला डोकं लागून, म्हणजे कापड अंगाखाली घालून डोक्यावरून पुढे आणलं असतं तर जसं उमटलं असतं तसं. रंग फिकट पिवळसर, गवताच्या काडीसारखा. जवळ गेलं की चित्र विरून जातं, दोन-चार पावलं मागे आलं की दिसायला लागतं, असं बघितलेले लोक सांगतात. मनगटाशी, पायाशी, बरगडीशी रक्तासारखे डाग. आणि सगळ्यात ठळक दिसतात ते जळल्याचे डाग! १५३२ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या शाम्बेरीच्या चॅपेलला आग लागली तेव्हा हे कापड चांदीच्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं, चांदी वितळून घड्यांमधून आरपार गेली, म्हणून तीच तीच भोकं ओळीने पडलीत. १५३४ मध्ये तिथल्या जोगिणींनी, म्हणजे क्लॅरिस्ट नन्सनी ठिगळं लावली. १५७८ मध्ये सवॉय घराण्याने ते ट्युरिनला आणलं, आणि १९८३ मध्ये इटलीचा शेवटचा राजा उंबर्तो वारला तेव्हा मृत्युपत्रानुसार ते पोपकडे गेलं.

आता मुद्द्याचं. या कापडाचा पक्का कागदोपत्री इतिहास सुरू होतो १३५० च्या दशकात, फ्रान्समधल्या लिरे नावाच्या छोट्याशा गावात. तिथला सरदार जॉफ्रॉय द शार्नी, पॉतियेच्या लढाईत १३५६ ला मारला गेलेला, त्याने बांधलेल्या चर्चमध्ये हे कापड लोकांना दाखवलं जायला लागलं. यात्रेकरूंची रीघ लागली, यात्रेचे शिशाचे बिल्ले निघाले, त्यातला एक १८५५ मध्ये सीन नदीच्या गाळात सापडला आणि तो आज पॅरिसच्या क्ल्यूनी म्युझियममध्ये आहे. त्यावर दोन बाजूंचं चित्र असलेलं कापड स्पष्ट दिसतं, आणि शार्नी घराण्याची मुद्रापण आहे.

आणि पहिला संशय कोणी घेतला? नास्तिकांनी नाही, बिशपने! १३८९ मध्ये त्रॉयचा बिशप पियेर दार्सी याने आव्हीन्यॉच्या पोपला (तेव्हा दोन दोन पोप होते, हा सातवा क्लेमेंट) लांबलचक निवेदन पाठवलं. त्यात तो म्हणतो की चौतीस-एक वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या बिशपने चौकशी केली होती, हे हाताने बनवलेलं निघालं आणि बनवणाऱ्या कारागिराने तसं कबूलही केलं होतं. पोपने मधला मार्ग काढला, दाखवा पण दाखवताना हे खरं कफन नसून त्याची प्रतिकृती आहे असं मोठ्याने सांगा. २०२५ मध्ये तर आणखी एक कागद पुढे आलाय. निकोल ओरेम हा चौदाव्या शतकातला फार मोठा विद्वान, गणित आणि निसर्गशास्त्रात त्याचं नाव अजून घेतात, त्याने आपल्या लिखाणात शाम्पान्यमधल्या एका चर्चमधल्या कफनाचं उदाहरण दिलंय, पाद्री लोक दक्षिणेसाठी कसं फसवतात याचं उदाहरण म्हणून. म्हणजे त्या काळातली माणसं भाबडी होती आणि आपण आज शहाणे झालो असं अजिबात नाहीये.

मग २८ मे १८९८ ची रात्र. सेकोंदो पिया नावाचा ट्युरिनचा वकील, हौशी फोटोग्राफर, त्याला फोटो काढायची परवानगी मिळाली. डार्करूममध्ये काचेची प्लेट धुताना निगेटिव्हवर त्याला जे दिसलं ते पॉझिटिव्हसारखं होतं, कापडावर जो चेहरा अस्पष्ट, घुबडासारखा दिसतो तो निगेटिव्हवर शांत, मिटल्या डोळ्यांचा, जिवंत वाटावा असा चेहरा! त्या एका प्लेटने हा विषय देवघरातून लॅबमध्ये आणला. १९०२ मध्ये ईव्ह दलाज या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने, जो स्वतः देव न मानणारा होता, पॅरिसच्या विज्ञान अकादमीत उभं राहून सांगितलं की हे खरं असावं असं मला वाटतं, आणि लोकांचा रोष ओढवून घेतला.

१९७८ मध्ये 'स्टर्प' नावाच्या अमेरिकन गटाने पाच दिवस रात्रंदिवस तपासणी केली. एक्स-रे, इन्फ्रारेड, अल्ट्राव्हायोलेट, चिकटपट्टीने उचललेले तंतू, सगळं. त्यांचं म्हणणं १९८१ ला आलं, की चित्र ब्रशने रंगवलेलं दिसत नाही, रंग फक्त सगळ्यात वरच्या तंतूंवर आहे, आत मुरलेला नाही, आणि तो नेमका कसा आला ते आम्हाला सांगता येत नाही.

आणि मग १९८८. २१ एप्रिलला कार्बन चाचणीसाठी (वस्तूत कार्बन-१४ किती उरलाय त्यावरून वय काढतात ती) एका कोपऱ्यातून पट्टी कापली, तुकडे टुसान (अ‍ॅरिझोना), ऑक्सफर्ड आणि झुरिच अशा तीन लॅबना गेले, ब्रिटिश म्युझियमची देखरेख. सोबत वय माहीत असलेली तीन जुनी कापडंही दिली होती, ती तिघांनीही बरोबर ओळखली. निकाल : इ.स. १२६० ते १३९०, खात्री ९५ टक्के. फेब्रुवारी १९८९ ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिशपचा कागद, ओरेमचा कागद, यात्रेचा बिल्ला आणि कार्बनची तारीख, या चार एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच काळाकडे बोट दाखवतायत. 'कधीचं' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे. 'कसं बनवलं' याचं पूर्ण उत्तर अजून नाही. पण कसं ते माहीत नाही म्हणून कधीचं तेपण माहीत नाही, ही जी उडी मारली जाते ना, तिथे सगळा घोळ आहे.

व्हॉट्सॅपवाला अभ्यास खरा आहे, २०२२ चा, इटलीतल्या लिबेरातो दे कारो आणि सहकाऱ्यांचा. एका धाग्यावर एक्स-रे टाकून सेल्युलोज किती झिजलंय ते मोजलं. त्यांनी स्वतःच लिहिलंय की २००० वर्षं हे उत्तर तेव्हाच जुळतं जेव्हा आधीची तेरा शतकं कापड साधारण २० ते २२.५ डिग्री तापमानात आणि ठराविक दमटपणात राहिलं असेल. ज्या शतकांचा ठावठिकाणाच माहीत नाही त्यांचं तापमान गृहीत धरायचं! वर १५३२ ची आग आहेच. ही अट मेसेजमध्ये कधीच येत नाही.

---

मोगरी

वाचतेय. वाचनखूण साठवली. निगेटिव्हचा फोटो आत्ता शोधून बघितला, अंगावर काटा आला.

---

इचलकरंजीकर

मस्त धागा. आमचं घरच लूमवाल्यांचं, त्यामुळे मी विणीबद्दल लिहितो. हे कापड तीनास एक ट्विल आहे, म्हणजे बाण्याचा (आडवा) धागा ताण्याच्या (उभ्या) तीन धाग्यांखालून जातो आणि एकावरून, आणि ठराविक अंतरावर तिरकी रेघ उलटी फिरवली की माशाच्या काट्यासारखं डिझाईन होतं, हेरिंगबोन म्हणतात ते. ही साधी वीण नाही, त्याला जास्त पायड्यांचा माग लागतो आणि विणणारा हात बसलेला पाहिजे. जेरुसलेमजवळ हकल-दमा इथे पहिल्या शतकातल्या कबरीत कफनाचे तुकडे मिळाले होते, ते साध्या विणीचे आहेत. एका कबरीवरून सगळ्या गावाचं ठरत नाही हे मान्य, पण नोंद घ्यायला पाहिजे.

दुसरं म्हणजे रफूचं. रे रॉजर्स, जे स्वतः स्टर्पमध्ये होते, त्यांनी २००५ मध्ये पेपर लिहिला की १९८८ चा तुकडा मूळ कापडाचा नव्हताच, मागाहून दुरुस्ती केलेल्या भागाचा होता, त्यात कापसाचे तंतू आणि रंग मिळाला. मग लोकांनी त्याची अदृश्य रफूची गोष्ट केली. आता रफू मी लहानपणापासून बघतोय, चांगला रफूगार समोरून कळू देत नाही हे खरं, पण कापड उलटं करा, मागे धाग्यांची टोकं, गाठी, जाडी, कुठेतरी चुगली होतेच. आणि हेरिंगबोनमध्ये तर रेघ एका धाग्याने जरी हुकली तरी डोळ्याला टोचते. २००२ मध्ये मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग या कापडतज्ज्ञ बाईंनी जोगिणींची ठिगळं आणि मागचं अस्तर काढलं, तेव्हा त्यांना उलटी बाजू हातात घेऊन बघायला मिळाली, आणि तिथे रफू नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. विशेष म्हणजे या बाई कापड जुनं असू शकतं असं मानणाऱ्या आहेत, म्हणजे त्यांना रफू सापडली असती तर सोयीचंच होतं.

---

रानवाटा

@इचलकरंजीकर, जबरदस्त प्रतिसाद! हेच हवं होतं. त्यात भर, अ‍ॅरिझोना लॅबने त्यांच्याकडचा उरलेला तुकडा २०१० मध्ये पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघितला, त्यांनाही रंगवल्याची किंवा नंतर विणल्याची खूण मिळाली नाही, कापसाचे एखाद-दुसरे तंतू सोडले तर सगळं लिननच.

---

वसईकरीण

मी कॅथलिक आहे, वसईची. धागा आदराने लिहिलाय म्हणून प्रतिसाद देतेय, नाहीतर या विषयावर लोक काय काय बोलतात ते वाचवत नाही. आमच्याकडे गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करताना माझ्या आजीच्या हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ट्युरिनच्या चेहऱ्याचं छोटं चित्र असायचं, कडा झिजलेलं. आजीने कधी विचारलं नाही की हे कुठल्या शतकातलं, तिच्यासाठी तो दुःख सोसणाऱ्याचा चेहरा होता.

एक गोष्ट सांगायला हवी, चर्चने हे खरंच येशूचं कफन आहे असं आम्हाला कधी मानायला लावलेलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे १९९८ मध्ये ट्युरिनला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की हा श्रद्धेचा विषय नसल्यामुळे यावर निर्णय द्यायचा अधिकार चर्चकडे नाही, शास्त्रज्ञांनी मोकळ्या मनाने शोध घ्यावा. पोप फ्रान्सिस त्याला आयकॉन, म्हणजे भक्तीचं चित्र, म्हणायचे. १९८८ चा निकालही ट्युरिनच्या कार्डिनल बालेस्त्रेरो यांनीच जाहीर केला होता ना? लपवला नाही. त्यामुळे तारीख चौदाव्या शतकातली निघाली म्हणून माझी श्रद्धा डळमळत नाही.

पण रक्ताचं काय? ते खरं रक्त आहे असं वाचलंय.

---

रानवाटा

ताई, आजींच्या पुस्तकाबद्दल लिहिलंत ते फार आवडलं. हो, निकाल बालेस्त्रेरो यांनीच १३ ऑक्टोबर १९८८ ला जाहीर केला.

रक्तावर दोन गट आहेत. वॉल्टर मॅक्रोन, शिकागोचे सूक्ष्मदर्शकाचे मोठे जाणकार, त्यांना चिकटपट्टीवर गेरू, हिंगूळ आणि बांधायला जिलेटिन मिळालं, म्हणजे रंगकाम. स्टर्पमधल्या जॉन हेलर आणि अ‍ॅलन अ‍ॅडलर यांच्या मते रासायनिक चाचण्यांमधून रक्तच दिसतं, आणि लोह आहे ते रक्ताचं किंवा जवस पाण्यात कुजवताना आलेलं. यावर वाद झाला आणि मॅक्रोन स्टर्पपासून वेगळे झाले. पण समजा रक्त आहे, तरी ते कोणाचं, कधीचं, हे त्यातून ठरत नाही. चौदाव्या शतकातल्या माणसाकडेही रक्त होतंच. २०१८ मध्ये बोरीनी आणि गार्लास्केल्ली या इटालियन संशोधकांनी जिवंत माणसावर आणि पुतळ्यावर रक्ताचे ओघळ सोडून बघितले, हातावरचे ओघळ एका कोनात जुळतात, कमरेजवळचे दुसऱ्याच, एकाच स्थितीतल्या शरीरावरून सगळे येत नाहीत असं त्यांचं म्हणणं. त्यावरही टीका झाली आहे.

---

जुनं_पान

थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. १२०३-०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) असलेला रोबेर द क्लारी नावाचा शिलेदार लिहून ठेवतो की ब्लाखर्ने इथल्या चर्चमध्ये प्रभूचं कफन होतं, दर शुक्रवारी उभं केलं जायचं आणि त्यावर आकृती दिसायची, आणि शहर लुटल्यावर ते कुठे गेलं कोणालाच कळलं नाही. मग हंगेरीतली प्रे हस्तलिखित पोथी, साधारण ११९२-९५ ची, तिच्यातल्या चित्रात येशूचे हात कफनासारखेच कमरेवर एकावर एक आहेत, अंगठे दिसत नाहीत, आणि खालच्या आयतावर चार बारीक वर्तुळं आहेत. ट्युरिनच्या कापडावर आगीच्या आधीची जी एल आकाराची भोकं आहेत त्यांच्याशी ती जुळतात असं समर्थक म्हणतात. कार्बनच्या तारखेच्या आधीची पोथी आहे ही.

पण मला स्वतःला ते पटत नाही. तो आयत कबरीचं झाकण असू शकतो, त्यावर क्रॉस आहेत, वर्तुळं नक्षीतही आलेली आहेत, आणि ज्या कापडाची खासियतच त्यावरची आकृती, तीच चित्रकार काढायची विसरला?

आणि कफनं भरपूर होती हो! बझॉन्सोंला एक होतं, फ्रेंच क्रांतीत नष्ट झालं. फ्रान्समध्येच कादुआँ इथे एक होतं, शेकडो वर्षं यात्रा भरायची, राजेरजवाडे यायचे. १९३० च्या दशकात कोणीतरी त्याच्या किनारीवरची नक्षी नीट वाचली तर ती कुफी लिपीतली अरबी निघाली, इजिप्तचा फातिमी खलिफा अल-मुस्तअली आणि त्याच्या वजिराचं नाव! म्हणजे इ.स. ११०० च्या आसपासचं. चर्चने यात्रा बंद केली. शेकडो वर्षं लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर ती अक्षरं होती.

---

मोगरी

कादुआँची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. यावर वेगळा धागा काढा प्लीज.

---

आयसोटोप

कार्बनवर लिहितो. आगीचा धूर, लोकांचे हात, बुरशी, मेणबत्त्या, यामुळे तारीख चुकली असं हमखास म्हटलं जातं. गणित करून बघा. पहिल्या शतकातल्या लिननमध्ये आज मूळच्या साधारण ७८-७९ टक्के कार्बन-१४ उरायला हवा, प्रत्यक्षात सापडला ९२ टक्क्यांच्या जवळपास. हा फरक आधुनिक मळाने भरून काढायचा तर नमुन्यातला साठ टक्क्यांहून जास्त कार्बन मळाचा पाहिजे. म्हणजे कापड कमी आणि मळ जास्त! आणि सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या धाग्यांनी भरून काढायचा तर तीन-चतुर्थांश धागे नवे पाहिजेत. शिवाय लॅबवाले नमुना आम्ल-अल्कलीने धुवून घेतात.

तरी १९८८ मध्ये सगळं उत्तम झालं असं मी म्हणणार नाही. मूळ योजनेत सात लॅब होत्या, त्या तीन झाल्या. नमुना एकाच कोपऱ्यातला, तोही असा कोपरा की जो धरून कापड लोकांना दाखवायचे. कुठला तुकडा कशाचा हे न सांगता तिन्ही लॅबना तपासायला दिलं पण हेरिंगबोनमुळे कफन कुठलं ते लगेच ओळखू येतं. आणि आकडे बघा : अ‍ॅरिझोना ६४६, झुरिच ६७६, ऑक्सफर्ड ७५० वर्षं, चूक तीसच्या आसपास. एवढा फरक नुसत्या योगायोगाने यायची शक्यता ५ टक्के, हे नेचरच्या पेपरातच आहे. २०१७ मध्ये माहिती अधिकाराखाली ब्रिटिश म्युझियमकडून कच्चे आकडे मिळवून काझाब्यांका आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की नमुने एकजिनसी वाटत नाहीत. ही टीका रास्त आहे, माझ्या मते तारखेचा पट्टा थोडा रुंद धरायला हवा. पण शंभर वर्षांची तफावत म्हणजे तेराशे वर्षांची तफावत नव्हे.

---

बोरीबंदर

ते कापड भारतात विणलंय असं एक आलं होतं ना? डीएनए वगैरे?

---

आयसोटोप

२०१५ चा पेपर, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधला, बार्काच्या आणि मंडळींचा. कापडावरून शोषून घेतलेल्या धुळीतला डीएनए तपासला, त्यात युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारतीय उपखंडातल्या लोकांत आढळणारे मायटोकॉन्ड्रियल गट (आईकडून येणाऱ्या डीएनएचे प्रकार) मिळाले, कितीतरी झाडांचेही मिळाले. लेखकांनी एक शक्यता म्हणून लिहिलं की कापड भारतातून आलेलं असू शकेल, आपल्याकडच्या बातम्यांनी शक्यता गाळून टाकली. शेकडो वर्षं हजारो लोकांनी हात लावलेल्या, मुके घेतलेल्या कापडावरची धूळ आहे ती. धूळ कोणाची ते कळतं, विणकर कोण ते नाही.

---

मांडवीकाठ

डीएनएचं निघालंच आहे म्हणून गोव्यातलं उदाहरण देतो, मला ते कफनापेक्षा जास्त भिडतं. जॉर्जियाची राणी केतेवान, शाह अब्बासच्या हुकुमावरून १६२४ मध्ये शिराझला हाल हाल करून मारली, धर्म सोडला नाही म्हणून. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मठात ठेवला. मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा पुढचा भाग पडला. तिथे आता जांभ्या दगडाचा तो अर्धा मनोरा उभा आहे, गोव्याला जाणाऱ्यांनी बघितलाच असेल. जुन्या पोर्तुगीज कागदात लिहिलेलं की अमुक खिडकीजवळ दगडी पेटीत अस्थी आहेत. पुरातत्त्व खात्याने त्या कागदावरून शोध घेतला, २००४ मध्ये हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए काढला, यू१बी हा गट मिळाला, जो त्यांच्याकडच्या हजारो भारतीयांच्या नमुन्यांत नाही पण जॉर्जियात आहे. २०२१ मध्ये भारत सरकारने अस्थींचा भाग जॉर्जियाला दिला, तिथे लोक रडत होते.

इथेही डीएनए म्हणत नाही की ही केतेवानच. ते म्हणतं की हे माणूस इथलं नसावं, तिकडचं असावं. कागद, खिडकी, पेटी आणि डीएनए मिळून गोष्ट उभी राहते.

---

वसईकरीण

मांडवीकाठ, खूप आभार, मला हे ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला नक्की जाऊन येईन तिथे.

रानवाटा, मग चित्र कसं केलं असेल यावर तुमचं मत काय? आणि पुन्हा एकदा कार्बन चाचणी का नाही करत?

---

रानवाटा

चित्राबद्दल मला सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे खरं शरीर गुंडाळून हे चित्र येऊच शकत नाही. चेहऱ्याला रंग लावून त्यावर फडकं दाबा आणि सपाट पसरा, चेहरा कानापासून कानापर्यंत फुगून दुप्पट रुंद होतो. कफनावरचा चेहरा उलट अरुंद, प्रमाणबद्ध आहे. ब्राझीलच्या सिसेरो मोराइस यांनी २०२५ मध्ये थ्रीडी मॉडेलवर हेच करून दाखवलं, पूर्ण शरीराऐवजी कमी उठावाचं शिल्प घेतलं तर आकृती जवळपास जुळते. २००९ मध्ये गार्लास्केल्लींनी गेरूसारखा रंग चोळून, कापड भट्टीत जुनं करून आणि मग धुवून बरंच मिळतंजुळतं बनवलं होतं. फक्त वरच्या तंतूंपुरता रंग, तोही इतका एकसारखा, हे मात्र अजून कोणाला हुबेहूब जमलेलं नाही. ज्या कोणी ते केलं त्या अनामिक कारागिराबद्दल मला फार कुतूहल आहे, चौदाव्या शतकात बसून त्याने काय वापरलं असेल!

फेरचाचणीसाठी खरं तर नवीन काही कापायचीही गरज नाही. २००२ च्या दुरुस्तीत १५३२ च्या भोकांच्या कडेचं जळकं कापड खरवडून काढलं, ते जागेनुसार लेबलं लावून ट्युरिनमध्ये जपून ठेवलंय. कोळसा झालेलं लिनन तारखेसाठी चालतं, आणि ते एका कोपऱ्यातलं नाही, कापडभरातलं आहे, म्हणजे आयसोटोप यांनी मांडलेली एकाच जागेची अडचणही सुटते. परवानगी पोपच्या हातात आहे, आजवर ती मिळालेली नाही.